क्रियापदाची चांदणी

"सर, चांदणी कुठाय?" नव्या सभागृहाच्या भिंतीकडे बघून ती जवळजवळ ओरडलीच.

दगडी पाटीवर तिचं क्रियापद कोरलेलं होतं. इंग्रजी, जर्मन, स्वीडिश या सगळ्या भाषा ज्या आदिम आईच्या लेकी, त्या आईभाषेचं हरवलेलं क्रियापद. त्या आईचं लिखाण म्हणावं असं काही मागे उरलेलं नाही. लेकींच्या जुन्या पोथ्यांतले तुकडे जुळवत हिनं ते उभं केलं, त्यात ऐन उमेदीची वर्षं गेली. अर्थ होता, दुसऱ्याचं ओझं अर्ध्या वाटेपर्यंत वाहणं. असा घडवलेला शब्द लिहिताना आधी एक चांदणी काढायची, हा जुन्या भाषांच्या अभ्यासकांचा रिवाज. म्हणजे, बाबांनो, हा कुठं लिहिलेला सापडलेला नाही, आम्ही जुळवलाय.

"मीच नको म्हटलं," विभागप्रमुख म्हणाले. "देणगीदार येतायत. त्यांना 'शब्द सापडला' असं सांगितलंय. चांदणी बघून छप्पन्न प्रश्न विचारतील."

"सापडला नाहीये, सर. जुळवलाय."

"अगं, तेच ते! कशाला उगाच फाटे फोडतेस? तुला कायम करायच्या कागदावर सही माझी लागणार आहे, एवढं ध्यानात ठेव."

ती नोकरी तिला हवी होती, जिवापाड हवी होती. आईनं तर शेजारीपाजारी सांगूनही टाकलं होतं. पण भिंतीवरच्या त्या उघड्याबोडक्या शब्दाकडे तिला बघवेना. भयंकर राग आला.

शिडीपाशी उभ्या असलेल्या पाथरवटापुढे तिनं हात केला. "दादा, छिन्नी-हातोडी द्या."

"साहेब नको म्हणालेत, ताई."

"तुम्ही नकाच कोरू. मी कोरते."

दोन्ही त्याच्या हातातून घेऊन ती शिडीवर चढली. पहिला घाव अंगठ्यावर बसला. आई गं! दुसरा दगडावर. खाली प्रमुखांचा आवाज चढत गेला, तशी हिची हातोडीही. तीन टोकं झाली, तीही वाकडीतिकडी, तेवढ्यात दार उघडलं आणि देणगीदार बाई आत आल्या. प्रमुखांनी घाईघाईनं चेहऱ्यावर हसू आणलं.

"अय्या, फूल काढताय का हो?" बाईंनी वर बघत विचारलं.

"हो हो, जराशी नक्षी..."

"नक्षी नाही, बाई," ती शिडीवरून म्हणाली. "माझं चुकलेलं असू शकतं, असं लिहितेय."

आणि तिनं चौथं टोक कोरायला घेतलं.