शुक्रवारची चाचणी

मुंबईहून आलेल्या संशोधक सरांनी माझ्या मुलीचा कागद पुढे सरकवला. "दोनदा चाचणी घेतली, दोन्ही वेळा तेवढेच गुण. जैनब मंदच आहे. तिला वेगळ्या वर्गात बसवतील." बी.ए.ला मी मानसशास्त्र शिकले होते. दुसरी चाचणी ही पहिलीची खातरजमा करायला असते. मी दुसऱ्या चाचणीची तारीख पाहिली. "सर, तो शुक्रवार होता. शुक्रवारी भिवंडीत कापडाचे लूमसुद्धा थांबतात. आमची उर्दू शाळा बंद होती, जैनब माझ्याजवळ घरी." सर हसले. "अहो बाई, आठ दिवसांत पोरं काय बदलतात? पहिलेच गुण उतरवले." मी कागद परत त्यांच्यापुढे सरकवला. "आत्ता घ्या चाचणी, माझ्यासमोर." "आणि वेगळे गुण आले तर? चाळीस मुलांवर माझा प्रबंध उभा आहे. बाकीच्यांच्या आयांना काय सांगू?" "तुम्ही कशाला सांगता?" मी कागद उचलला. "मीच सांगते दारोदार जाऊन."