नवी शाई

अर्धांगवायूनंतर अ‍ॅलिस्टर डाव्या हाताने लिहायला शिकत होता. अक्षर वाकडंतिकडं यायचं. बायकोला, मर्लला, ते दिसू नये म्हणून लिहून झालं की तो कागद नळाखाली धरायचा; एका हाताने फाडता येत नव्हता.

एकदा मर्ल होबार्टहून शाईची नवी बाटली घेऊन आली. "बघ जरा ही वापरून."

त्याने खपून दोन ओळी लिहिल्या आणि कागद नळाखाली धरला.

"अगं, ही जातच नाहीये!"

मर्लने तो ओला कागद घेतला. 'मर्ल, माझ्या बुटांच्या नाड्या बांधतेस, दाढी करतेस. तुझे आभार कसे मानू?'

"असलं अक्षर... लाज वाटते गं."

"रोज धुऊन टाकायचास. म्हणून तर पक्की शाई मागून आणली. मला वाचायचं होतं."