टक्क उघडे डोळे

"डोळे उघडा, आजी. बुबुळ दिसल्याशिवाय मशीन तुम्हाला ओळखणार नाही," सरकारी दवाखान्यातल्या योजनेच्या खिडकीमागून साहेब म्हणाले.

डोळे उघडत नव्हते म्हणूनच तर कौतिकबाई आल्या होत्या. गोधड्या शिवण्यात जन्म गेला. आता डोळ्यावर उतरलेली पापणी धरण्यात एक हात अडकायचा आणि सुईत दोरा ओवायचा राहून जायचा. योजनेतून पापण्यांचं ऑपरेशन फुकट होतं, फक्त ते नटण्यासाठी नको.

त्यांनी दोन्ही हातांनी पापण्या वर ओढून धरल्या. मशीन वाजलं. साहेबांनी पडद्यावरचा फोटो न्याहाळला आणि अर्जावर शेरा मारला.

"नामंजूर. फोटोत डोळे टक्क उघडे आहेत. म्हणजे ही नुसती नटायची हौस."

"अहो, आणि ही माझी बोटं?"

"बोटांसाठी अर्जात रकाना नाही. शेरा वाचा आणि चौकटीत सही करा."

कौतिकबाईंनी हात खाली घेतले, तशा पापण्या पडल्या. "करते की. एका हाताने कागद धरते, दुसऱ्याने सही करते. पापण्या तेवढ्या तुम्ही धरा."

साहेब उठून बाहेर आले आणि पापण्या मन लावून धरून उभे राहिले. सही चौकटीबाहेर गेलेली त्यांना चालत नसे.