काट्यावरची वायर

अठ्ठ्याण्णवचं गळीत संपलं, काट्याला नारळ फोडला आणि बारामतीकडचा तो साखर कारखाना सुना पडला. भर दुपारी ऑफिसात नागेश एकटाच कंप्युटरपुढं बसला होता. उसाच्या गाड्या तोलायच्या वजनकाट्यावरून इथवर एक वायर आली होती, आणि ती तपासायच्या कंप्युटरच्या दोन आज्ञा त्याला ठाऊक होत्या. त्यानं दोन्ही देऊन पाहिल्या. पहिली म्हणाली, जोडणी नाही. दुसरी म्हणाली, काट्यावरून माहिती येतेय. आलेल्या माहितीचा आकडा वाढतच होता.

त्यानं काट्यावरच्या पहारेकऱ्याला फोन लावला. “आबाजीतात्या, तितला कंप्युटर कुणी चालू केलाय?”

“कंप्युटर कुठला? त्यो दुरुस्तीला पुण्याला गेलाय. खोलीला कुलूप हाय.”

नागेशनं कंप्युटरच्या मागची वायर उपसून हातात घेतली. आकडा थांबला नाही.

“तात्या, काट्यावर कोण हाय का, खिडकीतनं बघा जरा.”

फोनमधून खिडकी उघडल्याचा आवाज आला.

“कोण न्हाय,” ते दबक्या आवाजात म्हणाले. “पर काटा दबलाय, भरली गाडी चढल्यावानी.” मग थांबून म्हणाले, “आता वर आला. जे काय हुतं, ते उतरलं. नागेश, तुझ्याकडं यायच्या रस्त्यावर धूळ उठतीया.”

नागेशनं पहिली आज्ञा पुन्हा दिली. वायरचं सुटं टोक त्याच्या मुठीत लोंबत होतं.

जोडणी आहे, ती म्हणाली. दोन्ही आज्ञांचं एकमत झालं होतं.