पेशींनी ओळखलं

“तुमच्या बहिणीच्या शरीरात मारक पेशी नावाचे पहारेकरी आहेत,” डॉक्टर म्हणाले. “तुम्ही दिलेल्या, रक्त बनवणाऱ्या कोवळ्या पेशी त्यांना परक्या वाटल्या. रुजण्याआधीच मारून टाकल्या.”

मुकुंदाची मान खाली गेली. त्या पेशी देताना त्याने आढेवेढे काय कमी घेतले होते? आधी मुलीची परीक्षा आडवी आली, मग पितृपक्ष, मग कधी नव्हे ती पाठ दुखू लागली. शेवटी बायकोनेच हाताला धरून आणलं. असल्या पेशी आत हसतमुखाने थोड्याच गेल्या असतील! पहारेकऱ्यांनी चेहरे बरोबर ओळखले, असं त्याच्या मनाने घेतलं.

काचेपलीकडे पडून असलेल्या नलूने फोन लावला. “दादा, पुन्हा द्याव्या लागतील म्हणे.”

“देतो गं. पण मागच्या वेळी मी... मनापासून नव्हत्या दिल्या. त्यामुळे तर नसेल?”

नलू खो खो हसली आणि दम लागून थांबली. “अरे, मारक पेशींना मनबिन कळत नाही. मला कळत होतं.”

“मग घेतल्यास कशाला?”

“जगायचं होतं रे,” ती म्हणाली.