मोरीची जागा

मागच्या पावसाळ्यात खालच्या आळीत चुलीपर्यंत पाणी आलं होतं. नव्या रस्त्याखालची मोरी चुकीच्या जागी बसली, तर ते दरवर्षी येणार, हे कुमुदकाकूंना पक्कं ठाऊक होतं. पण आज श्रावणी सोमवार. सूर्यास्तापर्यंत त्यांचं मौन, आणि रस्त्याची सुनावणी नेमकी आत्ताच देवळाच्या सभामंडपात.

रस्ते खात्याच्या साहेबांनी नकाशा पसरला. "मोरी इथं, शाळेजवळ. कुणाची हरकत?"

"तिथं पाणी येतच नाही हो!"

"येतं की! वडाकडून येतं."

"तू गप रे, तू असतोस पुण्याला!"

सगळेच एकदम बोलू लागले. साहेब वैतागून नकाशा गुंडाळू लागले.

काकूंनी पूजेच्या तबकातली रांगोळीची वाटी उचलली. फरशीवर वाकून चिमटीतून त्यांनी आधी रस्ता ओढला, मग शाळा, वड आणि टेकडीवरून उतरणारी पाण्याची वळणदार रेघ. रेघ शाळेच्या बरीच अलीकडे रस्त्याला भिडली. तिथं त्यांनी कुंकवाचा ठिपका दिला.

"नक्की इथंच का, काकू?" साहेबांनी विचारलं.

काकूंनी होकारार्थी मान हलवली.

"मौन आहे त्यांचं," शेजारीण म्हणाली. "पण वीस पावसाळे रोज पहाटे त्याच पाण्यातून महादेवाला येतात त्या."

साहेब फरशीवर मांडी घालून बसले. नकाशावरची मोरी खोडून त्यांनी कुंकवाच्या जागी नवी काढली.

निघताना रांगोळी वाटेत आली. ते थबकले, आणि भिंतीच्या कडेनं वळसा घालून गेले. त्यांच्यामागून, तसाच वळसा घेत, अख्खी सभा.