पुसट झालर

पुरस्काराच्या भाषणात तिच्या नवऱ्याने पडद्यावर एक लंबगोल दीर्घिका दाखवली. छायाचित्र तिनेच काढलेलं, लग्नाआधी, वेधशाळेत नोकरीला असताना.

“दाटीवाटीत मोठी दीर्घिका शेजारच्या लहान दीर्घिका गिळून गब्बर होते,” तो ऐटीत सांगत होता. “पुढे तिथे नवे तारे जन्मत नाहीत, जुन्यांवरच भागवावं लागतं.”

“आणि गिळलेलीचं काहीच उरत नाही?” कुणीतरी विचारलं.

“उरते ना, कडेला पुसट झालर. सहज बघणाऱ्याला दिसायची नाही.”

शेवटी आभार. संस्थेचे झाले, दुर्बिणीचेसुद्धा झाले. “आणि घर सांभाळणाऱ्या आमच्या सौभाग्यवतींचे!” टाळ्यांचा कडकडाट झाला.

शेजारच्या बाई कौतुकाने तिच्याकडे वळल्या. “तुम्हालाही यातलं काही कळतं का हो?”

“कळतं की,” ती म्हणाली, “झालरीपुरतं.”